कलम 25 आणि नामदेव पायरी

(दिंडीच्या शताब्दी वर्षाच्या प्रारंभी, अखंड हरिनाम सप्ताहात झालेले भाषण)

सप्ताहात या जागी उभं राहायचं म्हणजे निरूपणाला अभंग घ्यायचा असतो. आम्ही काही कीर्तनकार नाही. तालुक्याच्या कोर्टात चाळीस वर्षं वकिली केली आणि जमेल तशा वाऱ्या केल्या, एवढीच आमची कमाई. म्हणून आज अभंग घेत नाही. आपल्या राज्यघटनेतलं एक कलम घेतो. कलम 25. महाराजांची परवानगी घेतली आहे. महाराज म्हणाले, "वकीलसाहेब, कलमाचं निरूपण करा, पण पंढरपूर सोडू नका." आम्ही सोडणार नाही. कारण हे कलम आम्हाला पुस्तकात कमी कळलं, नामदेव पायरीपाशी जास्त कळलं.

आधी घरातली गोष्ट सांगतो.

आपली दिंडी 1925 साली निघाली. आमचे आजोबा पहिल्या वारीत होते. दिंडीचा हिशेब तेच ठेवीत. त्यांची लाल कापडात बांधलेली वही अजून आमच्या घरी आहे. शताब्दीची स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळाने आमच्याकडे संस्थापकांची यादी मागितली. आम्ही वही उघडली. पहिल्या पानावर हजेरी आहे, सतरा नावं आहेत. तीच यादी करून आम्ही देणार होतो. पण वही चाळता चाळता खर्चाच्या पानावर एक ओळ सापडली. "पताकेवाल्यास शिधा, वेगळा." दुसऱ्या वर्षी तीच ओळ. तिसऱ्या वर्षी तीच. 1946 च्या आषाढीपर्यंत दर साली ती ओळ आहे. नाव कुठेच नाही.

लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं तेव्हा आठवलं. आपल्या गावच्या महारवाड्यातले एक गृहस्थ पहिल्या वारीपासून पताका घेऊन दिंडीच्या पुढे चालत. पुढे म्हणजे मानाने नव्हे. अंतर राहावं म्हणून. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळं, मुक्कामाला राहुटीबाहेर झाडाखाली पथारी. पंढरपूरला पोचलं की दिंडी महाद्वारातून आत जाई. ते चोखोबांच्या समाधीपाशी थांबत. तिथूनच कळसाला हात जोडत आणि पताका सांभाळत बसत. दिंडी दर्शन करून बाहेर आली की पुन्हा पुढे चालू लागत. अशा बावीस वाऱ्या झाल्या. 1947 च्या आषाढीआधी त्यांनी देह ठेवला. पांडुरंगाचं मुख त्यांनी पाहिलं नाही.

मंडळी, वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहानथोर सगळे माउली, हे आपण अभिमानाने सांगतो. ते खरं आहे. पण झाडाखालची पथारीही खरी आहे. इरावतीबाई कर्वे वारीत चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीत भजन एकत्र आणि जेवण वेगळं, हे पाहून त्यांना झालेलं दुःख त्यात आहे. चोखोबांना जाऊन तेव्हा सहाशे वर्षं होऊन गेली होती. सहाशे वर्षं आपण त्यांचे अभंग गायलो आणि त्यांच्या माणसांना पायरीवर थांबवलं.

मग दार उघडलं कसं? दोन गोष्टींनी. एक संतांच्या शिकवणुकीतून आलेली, दुसरी कायद्याची.

साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव सांगत सुटले की विठ्ठलाचं दार सगळ्यांना उघडा. मग 1 मे 1947 ला पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले. दहा दिवस झाले. शेवटी दार उघडायचं ठरलं. त्याच साली मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला. पुढे 1956 साली त्याच्या जागी अधिक व्यापक कायदा आला. हिंदूंच्या सार्वजनिक देवळात कोणत्याही जातीवर्गाच्या हिंदूला अडवता येणार नाही, अडवणाऱ्याला शिक्षा होईल, असं त्यात लिहिलं. या दोन कायद्यांच्या मध्ये, 26 जानेवारी 1950 ला, देशाची राज्यघटना लागू झाली. मसुदा समितीचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

आता कलमाकडे येतो. आमच्या साध्या भाषेत सांगतो.

कलम 25 म्हणतं की या देशातल्या प्रत्येक माणसाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याचं स्वातंत्र्य आहे. धर्म मानावा, आचरावा, त्याचा प्रसार करावा. इथे शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. म्हणजे परदेशातून येऊन वारीत चालणारा गोरा माणूसही त्यात आला. तुम्ही गळ्यात माळ घालता, एकादशी धरता, भर रस्त्याने टाळ वाजवत पंढरीला जाता, हे कोणा सरकारची मेहरबानी म्हणून नाही. तो तुमचा मूलभूत हक्क आहे.

पण हा हक्क देताना कलमाने चार कुंपणं घातली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि दुसऱ्यांचे मूलभूत हक्क. शिवाय सरकारला दोन बाबतींत कायदा करायची मोकळीक ठेवली आहे. धर्माशी जोडलेले पैशाचे आणि इतर ऐहिक व्यवहार, ही पहिली. सामाजिक सुधारणा आणि सार्वजनिक हिंदू मंदिरं सर्व वर्गांना खुली करणं, ही दुसरी. त्याच्या आधी कलम 17 आहेच, अस्पृश्यता नष्ट करणारं. पुढे कलम 26 प्रत्येक संप्रदायाला आपल्या धर्माच्या बाबी आपण पाहण्याचा हक्क देतं.

काही जण आम्हाला विचारतात, "म्हणजे सरकार देवळात शिरलंच ना?" प्रश्न रास्त आहे. शिरलं तर किती शिरलं, हे पाहायला हवं.

1954 साली सुप्रीम कोर्टापुढे आपल्याच मुंबई राज्यातला एक खटला गेला. एका जैन मंदिराच्या व्यवस्थापकाने 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याला आव्हान दिलं होतं. हा तोच कायदा, ज्याखाली आपल्या दिंडीची नोंद धर्मादाय कार्यालयात आहे आणि ज्याच्यामुळे आपले कोषाध्यक्ष दरवर्षी हिशेब घेऊन तिथे हेलपाटे घालतात. कोर्टाने सांगितलं की धर्म म्हणजे नुसती मनातली श्रद्धा नव्हे, पूजाअर्चा, विधी, आचार हेही धर्मातच येतं आणि त्याला संरक्षण आहे. देवस्थानाच्या पैशाचा हिशेब तपासायला सरकार कायदा करू शकतं. पण त्या कायद्यात एक कलम असं होतं की धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त करून टाकता येईल. ते कोर्टाने धार्मिक संस्थांपुरतं रद्द ठरवलं. सरकारने दानपेटीचा हिशेब विचारावा, पण देवापुढे कोणी कोणतं भजन म्हणायचं हे सरकारने सांगू नये. इतकी ती रेघ स्पष्ट आहे.

आपल्या पंढरपुरात तीच रेघ चालली. बडवे, उत्पात आणि सेवाधारी यांचे वंशपरंपरेचे हक्क आणि त्यातून होणारी भाविकांची ओढाताण, यावर नाडकर्णी आयोग बसला. मग 1973 साली पंढरपूर मंदिरांचा कायदा झाला आणि ते हक्क संपवायचं ठरलं. प्रकरण कोर्टात गेलं ते जानेवारी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. कायद्यापासून धरली तर चाळीस वर्षं! त्या मंडळींबद्दल कडू बोलायला आम्ही उभे नाही. त्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या देवाची सेवा केली आणि आपला हक्क वाटला त्यासाठी शेवटच्या कोर्टापर्यंत दाद मागितली. ती मागता आली, हेही घटनेचंच देणं. पण निकालाने काय बदललं पाहा. वारसाहक्क गेला. काकड आरती राहिली, पाद्यपूजा राहिली, धूपारती राहिली, शेजारती राहिली. त्याच साली मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, त्यात ना जातीची अट होती, ना पुरुषच हवा अशी. जनाबाईंच्या देवाच्या दारात हे व्हायला 2014 साल उजाडलं.

दुसरा प्रश्न आम्हाला दर सप्ताहात विचारला जातो. तोही इथेच घेतो, टाळत नाही. "कायदा आमच्याच देवळांना का? बाकीच्यांना का नाही?"

कलम 25 मध्ये मंदिरं खुली करण्याची तरतूद हिंदू संस्थांपुरती आहे हे खरं. आणि तिथे हिंदू म्हणताना शीख, जैन, बौद्धही धरले आहेत. तशी तरतूद का लागली याचं उत्तर आजोबांच्या वहीत आहे. शिधा वेगळा, ही नोंद आपल्या घरची होती. औषध जिथे दुखतं तिथेच लावतात. 1956 च्या कायद्याविरुद्ध अहमदाबादच्या स्वामीनारायण सत्संगी मंडळींचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता. त्यांचं म्हणणं, आमचा पंथच निराळा, आम्हाला हा कायदा लागू नाही. 1966 साली निकाल लागला, लिहिला सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी. पंथ हिंदूच आहे आणि दार सगळ्यांना उघडं राहील, असा तो निकाल.

पण समतेचा प्रश्न आला की कोर्ट दुसऱ्या धर्माकडे पाहतच नाही, हे खरं नाही. 2016 सालचंच घ्या. मुंबई हायकोर्टाने शनी शिंगणापूरच्या बाबतीत सांगितलं की देवळात जाण्याचा बायकांचाही हक्क आहे आणि सरकारने तो राखावा. आधार तोच 1956 चा कायदा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच हायकोर्टाने मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यापर्यंत जायची बायकांना केलेली बंदी उठवली. देवस्थानं दोन धर्मांची, पण न्याय एकच झाला.

आणि मंडळी, आपल्याला हा समान न्याय परका वाटायचं कारणच नाही. आपली दिंडी तुकोबारायांच्या पालखी सोहळ्यात चालते. देहूतून पालखी निघाली की पहिली अभंग-आरती कुठे होते? अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. आपल्यातल्या कितीक जणांनी तिथे टाळ वाजवला आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज आपल्या संतमालिकेत आहेत, त्यांच्या 'योगसंग्रामा'ला आपण संतवाङ्मय म्हणून हात जोडतो. ज्या राज्यात अनेक धर्मांची, अनेक भाषांची माणसं एकत्र राहायची आहेत, त्या राज्याने कसं वागावं याचा एक नमुना पालखीच्या वाटेवर आपण चालून दाखवतो. फक्त घरी परतल्यावर तो विसरू नये.

ऐहिक गोष्टीही सांगतो. वारीच्या वाटेवर सरकार पाण्याचे टँकर लावतं, दवाखाने उभारतं, फिरती शौचालयं ठेवतं. एखादा विचारतो, निधर्मी सरकारने हे का करावं? घटनेचं कलम 27 सांगतं की एखाद्या धर्माच्या वाढीसाठी म्हणून कोणावर कर लादता येणार नाही. पण टँकरचं पाणी विठ्ठलाला नाही, तहानलेल्या माणसाला आहे. तसंच पाणी दीक्षाभूमीवर येणाऱ्याला मिळतं, चैत्यभूमीवर येणाऱ्याला मिळतं, उरुसाला येणाऱ्याला मिळावं. एकाला मिळालं आणि दुसऱ्याला नाकारलं तर आपण वारकऱ्यांनी त्या दुसऱ्याच्या बाजूने बोललं पाहिजे. कारण उद्या नाकारण्याची पाळी आपली असू शकते.

भोंग्याचंही तसंच. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम मशिदीला आहे आणि आपल्या सप्ताहालाही आहे. आपला जागर लांबला की "देवाचं काम आहे" म्हणून कर्णा चालू ठेवायचा आणि दुसऱ्याची बांग ऐकू आली की पोलिसांत अर्ज द्यायचा, हे वारकऱ्याला शोभत नाही. वकील म्हणून असे अर्ज आम्ही दोन्ही बाजूंचे लिहिलेले आहेत, म्हणून बोलतो. विणा कर्ण्याशिवायही वाजते.

आणि आरोग्याचं कुंपण आपण सगळ्यांनी भोगलं. 2020 साली वारी चालली नाही. पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या. 2021 सालीही तसंच. आपल्या दिंडीचा नेम महायुद्धाच्या काळातही मोडला नव्हता, तो त्या दोन वर्षी मोडला. आम्ही घरच्या ओट्यावर टाळ घेऊन बसलो आणि रडलो, हे सांगायला लाज वाटत नाही. काही जण म्हणाले, सरकारने धर्म बुडवला. आम्हाला तसं वाटलं नाही. ईदची नमाज घरात झाली, चर्चं बंद राहिली, विहारं बंद राहिली. नियम सगळ्यांना सारखा होता आणि रोग सरला तसा तो उठला. बंधन सर्वांना एक, कारण खरं आणि मुदतीपुरतं असेल तर ते सोसावं. यातलं एकही नसेल तर कोर्टाचं दार वाजवावं. कलमाचं व्यवहारातलं मोजमाप एवढंच.

आता पुन्हा त्या वहीकडे.

पताकेवाल्या आजोबांचे नातू आपल्याच गावात राहतात. पंच्याहत्तरीला आले आहेत, शिक्षक होते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतर त्यांच्या घराने तोच मार्ग धरला. ते वारीला येत नाहीत. दिंडी गावातून निघते त्या दिवशी मात्र वेशीपाशी त्यांच्या घरातून पाणी दिलं जातं, आपण सगळेच ते पितो. का देतात हे आपण कधी विचारलं नाही.

यादी छापायला देण्याआधी आम्ही आणि दिंडीचे अध्यक्ष त्यांच्याकडे गेलो. गुरुजींपुढे वही ठेवली. खर्चाची ती पानं त्यांनी चष्मा लावून एकेक करून पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. आम्ही म्हणालो, "गुरुजी, संस्थापकांच्या यादीत तुमच्या आजोबांचं नाव घालावं असं मंडळाच्या मनात आहे. पण तुमचा धर्म आता वेगळा आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही."

अध्यक्षांना राहवलं नाही. ते म्हणाले, "आणि गुरुजी, तुम्हीपण या ना यंदा दिंडीत."

गुरुजी हसले. म्हणाले, "आजोबांना आत जायचं होतं, त्यांना जाऊ दिलं नाही. आमच्या वडिलांनी दुसरा मार्ग घेतला, तोही स्वखुशीने. मला बोलावलंत ते चांगलंच केलंत. येणार नाही, त्याचा राग मानू नका."

मंडळी, चाळीस वर्षांच्या वकिलीत कलम 25 चा इतका सोपा अर्थ आम्हाला कोणत्याही निकालपत्रात सापडला नव्हता. आत यायला कोणी अडवू नये आणि दुसऱ्या वाटेने जायलाही कोणी अडवू नये. सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य म्हणजे हेच. आपल्या दिंडीने पहिली अर्धी गोष्ट करायला उशीर केला. दुसरी अर्धी तरी मनापासून करावी.

नावाबद्दल विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "नाव घाला. पण नुसतं संस्थापक म्हणून घालू नका. ते बाहेर थांबत, हेही लिहा. नाहीतर पुढच्या पोरांना वाटेल, तेही आत जात होते."

आमची या सभेला हात जोडून विनंती आहे. स्मरणिकेच्या पहिल्या पानावर सतरा नाही, अठरा नावं येऊ द्या. पताकेवाल्या आजोबांच्या नावापुढे गुरुजींनी सांगितलेली ओळ तशीच छापा, गुळगुळीत करू नका. आणि यंदा पंढरीत पोचलो की दिंडीने आधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबावं, पताका तिथे टेकवावी, मग आत जावं. हे कोणत्या कायद्यात लिहिलेलं नाही आणि लिहूही नये. हे आपण आपणहून करायचं आहे.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

राम कृष्ण हरी.